बोलण्यापुरता भागधारक : लंडनची एक सभा आणि साताऱ्याचा वकील

चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. इतिहासाच्या वाचकांना हा तालुका राक्षसभुवनामुळे परिचित असतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला जिथे गाठले, ते गोदाकाठचे रणक्षेत्र याच तालुक्यात येते. आज या भागाचे जीवन मात्र तलवारीभोवती नव्हे, उसाभोवती फिरते, आणि तेही दोन तऱ्हांनी. ज्याच्या शिवाराला पाणी आहे, तो ऊस लावतो आणि सहकारी साखर कारखान्याचा सभासद होतो. ज्याच्या शिवाराला पाणी नाही, तो दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परजिल्ह्यात दुसऱ्याचा ऊस तोडायला जातो.

यांपैकी पहिल्याच्या घरी वर्षातून एकदा कारखान्याचा छापील अहवाल येतो. त्यात वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस असते आणि तिच्यावरचे विषय पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाहीत : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक स्वीकारणे, लेखापरीक्षकांची नेमणूक, आणि अखेरीस अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबर सरण्यापूर्वी, सभा घ्यावीच लागते. महाराष्ट्रात अशी सभा ज्याने पाहिली आहे, त्याला तिचा नादही ठाऊक असतो. विषय वाचून होतो न होतो तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो. अशा वेळी मागच्या रांगेतला एखादा सभासद उभा राहतो, ध्वनिक्षेपक मागतो आणि काट्याविषयी, उताऱ्याविषयी किंवा उसाच्या दराविषयी प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाने ठराव पडणार नाही, हे व्यासपीठाला ठाऊक असते आणि त्यालाही. तरी तो उठतो.

हे उठणे कशासाठी असते? याचे उत्तर शोधायचे तर लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील एका सभागृहात जावे लागते. मराठ्यांच्या एका छत्रपतींचे भवितव्य रणांगणावर किंवा दरबारात नव्हे, तर एका कंपनीच्या भागधारकांच्या सभेत, ठराव, उपसूचना आणि मतमोजणी यांच्या भाषेत वादले गेले. ती कंपनी अर्थातच ईस्ट इंडिया कंपनी.

आपल्याकडे ‘कंपनी सरकार’ हा शब्द इतका रूढ झाला, की त्यातील पहिल्या अर्ध्या भागाचा विसर पडतो. सैन्य, न्यायालये, महसूल, तह असा सारा राज्याचा संसार बाळगणारी ही संस्था शेवटपर्यंत एक भागभांडवली कंपनी होती. तिचे भाग लंडनच्या बाजारात विकत मिळत, तिचे २४ संचालक भागधारकांच्या मतांनी निवडले जात आणि सनदेप्रमाणे मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबर अशा चार तिमाही सर्वसाधारण सभा भरत. शिवाय मताचा हक्क असलेल्या नऊ भागधारकांनी लेखी मागणी केली, तर खास सभाही बोलवावी लागे. ही नऊची अट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

मत मात्र माणसाला नव्हते, पौंडाला होते. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनंतरची व्यवस्था अशी : १,००० पौंडांचे भाग असतील तर एक मत, ३,००० असतील तर दोन, ६,००० असतील तर तीन आणि १०,००० किंवा त्याहून अधिक असतील तर चार. त्यापूर्वी ५०० पौंडांवरही मत मिळे. परंतु बड्या धनिकांनी आपले भाग ५००-५०० पौंडांच्या तुकड्यांत मित्र, नातलग आणि नोकरचाकर यांच्या नावे करून मते वाढवण्याचा सपाटा लावला, तेव्हा पार्लमेंटने मर्यादा दुप्पट केली आणि भाग किमान वर्षभर नावावर असण्याची अट घातली. सभासद-यादी निवडणुकीच्या तोंडावर फुगते, हे दुखणे महाराष्ट्रातल्या सहकाराने शोधून काढलेले नाही!

या दुरुस्तीतून एक विचित्र प्राणी जन्माला आला : ५०० पौंडांचा भागधारक. त्याचे मत गेले, परंतु सभेत बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क राहिला. कंपनीच्या उतरंडीतला हा सर्वांत धाकटा. धाकटा म्हणजे गरीब नव्हे; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बाजारात हे भाग दर्शनी किमतीच्या दुपटीहून अधिक भावाने विकले जात. तरीही संस्थेच्या दृष्टीने तो केवळ बोलण्यापुरता भागधारक होता.

त्यात १८३३ च्या सनदी कायद्याने आणखी एक गोष्ट केली. कंपनीचा व्यापार बंद झाला, उरले ते केवळ राज्य. मग भागधारकांना लाभांश कशातून द्यायचा? कायद्याने तो साडेदहा टक्के असा कायम ठरवून टाकला आणि त्याचा बोजा हिंदुस्थानच्या महसुलावर टाकला. एकूण भागभांडवल ६० लाख पौंडांचे. म्हणजे दरसाल ६ लाख ३० हजार पौंड. अवर्षण पडो वा सुकाळ होवो, ५०० पौंडांच्या धन्याला वर्षाकाठी साडेबावन्न पौंड मिळायचेच, आणि ते यायचे बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतील रयतेच्या साऱ्यातून. त्या रयतेला या सभेत जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता साताऱ्याकडे वळू.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. ग्रँट डफ, ज्याचा मराठ्यांचा इतिहास पुढे गाजला, तो तिथला पहिला रेसिडेंट. प्रतापसिंहांचा कारभार इतका नेटका होता, की डिसेंबर १८३५ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने त्यांना स्तुतिपत्र आणि मानाची तलवार पाठवली. मुंबई सरकारने त्या दोन्ही वस्तू त्यांच्या हाती पडू दिल्या नाहीत. जहागिरदारांवर हुकमत कोणाची, या प्रश्नावर महाराज आणि मुंबई सरकार यांचे बिनसले होते. पुढच्याच वर्षी महाराजांवर आरोप सुरू झाले : कंपनीच्या देशी शिपायांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत राजाशी पत्रव्यवहार केला. गव्हर्नर जेम्स रिव्हेट-कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले आणि त्यांनी तोडगा पुढे केला : दोष कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी सही करण्यास नकार दिला. सप्टेंबर १८३९ च्या आरंभी त्यांना पदच्युत करून काशीस नेण्यात आले आणि धाकटे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांना गादीवर बसवण्यात आले.

या सर्व प्रकारात एक गोष्ट घडली नाही. आरोपीला पुरावा दाखवून त्याची बाजू ऐकून घेणारी उघड चौकशी झाली नाही. ‘आम्हाला ऐका’ एवढ्या एका मागणीवर पुढची सारी लढाई उभी राहिली.

ती लढवण्यासाठी १८४० मध्ये रंगो बापूजी गुप्ते लंडनला पोहोचले. रोहिडखोऱ्यातल्या देशपांडे घराण्याच्या परंपरेतला हा माणूस. परका देश, परकी भाषा, आणि खर्चाला पैसा तो काशीच्या कैदेतून येईल तेवढा. त्यांचा मुक्काम काही महिन्यांचा ठरला असावा. तो लांबला १८५३ पर्यंत. परक्या दरबाराच्या वकिलाला वकील म्हणून कंपनीच्या सभेत स्थान नव्हते. तिथे ठराव मांडायला आणि मत द्यायला भागधारक लागे. म्हणून रंगो बापूजींनी भागधारक जोडले.

हे भागधारक कोण, हे पाहण्यासारखे आहे. जोसेफ ह्यूम हे एकेकाळचे कंपनीचे शल्यवैद्य. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात मराठ्यांविरुद्धच्या फौजेबरोबर हिंडलेले, आणि आता पार्लमेंटमधले हिशेबी, चिवट सभासद. सरकारी खर्चाचा पैन्‌पै तपासण्याबद्दल त्यांची ख्याती होती. जॉन सलिव्हन हे कोइमतूरचे माजी कलेक्टर. आज पर्यटक ज्या उटीला जातात ते ठाणे वसवणारे हेच गृहस्थ. जॉर्ज थॉम्प्सन हे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले नामांकित वक्ते. द्वारकानाथ टागोरांबरोबर ते बंगालमध्ये येऊन गेले होते. तिघांच्या वाटा वेगळ्या आणि हेतूही सर्वस्वी निर्मळ होतेच असे मानण्याचे कारण नाही. कंपनीच्या एकाधिकाराला चाप लावण्याचे त्यांचे स्वतःचे राजकारण होते, आणि साताऱ्याचे प्रकरण त्यासाठी सोयीचे होते. तरी वर्षानुवर्षे एकाच राजाची बाजू मांडत उभे राहायला नुसती सोय पुरत नाही.

नऊ सह्या गोळा होत, खास सभा बोलावली जाई. अध्यक्ष आसनावर बसत, संचालक त्यांच्या भोवती. ह्यूम किंवा थॉम्प्सन उभे राहत आणि तासन्‌तास बोलत : कोणत्या साक्षीदाराने कोणत्या तारखेला काय सांगितले, कोणते पत्र बनावट असल्याचा संशय आहे, कोणता कबुलीजबाब दडपला गेला. १८४५ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तर अशी सभा तीन दिवस चालली. त्या वेळी केवळ महाराजांची पदच्युती नव्हे, तर तत्कालीन रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यांनी पुरावा कसा जमवला, हेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. त्या चर्चेचा वृत्तान्त त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापून निघाला.

आणि निकाल? प्रत्येक वेळी तोच. बहुमत संचालक मंडळाच्या बाजूने.

हे का घडत असावे, याचा विचार करताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. लाभांश तर कायद्याने बांधलेला होता. साताऱ्याचे राज्य राहिले काय किंवा गेले काय, भागधारकाच्या खिशात एक पेनीही कमी-अधिक पडणार नव्हती. मग त्याने संचालकांची पाठराखण का करावी? कारण त्याच्या भागाचे खरे मोल लाभांशात नव्हते. हिंदुस्थानातल्या मुलकी आणि लष्करी नोकऱ्यांच्या जागा संचालकांच्या हातात होत्या. ज्याला आपल्या पुतण्याला मद्रासच्या फौजेत किंवा भाच्याला कलकत्त्याच्या कचेरीत चिकटवायचे आहे, तो सभेत अध्यक्षांच्या विरोधात हात कसा वर करणार? मताची किंमत नोकरीत वळती होत होती. १८५३ च्या कायद्याने मुलकी नोकऱ्या स्पर्धा परीक्षेला खुल्या केल्या आणि संचालकांच्या हातचे हे सर्वांत मोठे आमिष गेले. तोवर साताऱ्याचे राज्य खालसा होऊन चार वर्षे उलटली होती.

याहून गंभीर अडचण कायद्यातच होती. १७८४ च्या पिट्स इंडिया ॲक्टने भागधारकांच्या सभेचे दात पाडले होते. संचालकांच्या ज्या निर्णयाला सरकारी नियंत्रण मंडळाने मान्यता दिली, तो रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार या सभेला उरला नव्हता. म्हणजे थॉम्प्सन-ह्यूम यांनी एखाद्या चमत्काराने बहुमत मिळवले असते, तरी महाराजांना गादी परत मिळाली नसती. दोन हजारांच्या आत-बाहेर मतदार असलेली, नियमितपणे भरणारी, घटनाबद्ध रीतीने चालणारी ही सभा मूळ प्रश्नावर काहीही करू शकत नव्हती. ५०० पौंडांचा भागधारक मत न देता बोलत असे. हजार पौंडांचा मत देऊन बोलत असे. एवढाच काय तो फरक.

तरीही एक गोष्ट या सभेला करता येत होती, आणि संचालकांना तीच जड गेली. सभा कागद मागू शकत होती. साताऱ्याविषयीचा पत्रव्यवहार, रेसिडेंटांचे अहवाल, साक्षीपुरावे, गव्हर्नरांची टिपणे हे सारे मुंबई आणि लंडनच्या दफ्तरांत बंद होते. भागधारकांच्या मागणीवरून ते छापले गेले; पार्लमेंटनेही पुढे या प्रकरणाचे कागद छापले. ज्या पुराव्यावर एक छत्रपती पदच्युत झाले, तो त्यांना दाखवण्यात आला नव्हता. तो आता लंडनमधल्या कोणत्याही भागधारकाच्या टेबलावर पडला. विसाव्या शतकात मेजर बामनदास बसूंनी १९२२ साली ‘स्टोरी ऑफ सातारा’ लिहिले आणि प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह व रंगो बापूजी यांच्यावर आपला मोठा ग्रंथ उभा केला, तेव्हा त्यांच्या हाताशी इंग्रजांनीच छापलेले हे साहित्य होते. सभेत हरलेली बाजू इतिवृत्तात शिल्लक राहिली.

प्रत्यक्ष माणसांच्या वाट्याला मात्र त्यातले काही आले नाही. प्रतापसिंह महाराज ऑक्टोबर १८४७ मध्ये काशीतच वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेबही गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, परंतु लॉर्ड डलहौसीने तो नामंजूर करून राज्य खालसा केले. संचालक मंडळातही याला सर्वांची संमती नव्हती. हेन्री सेंट जॉर्ज टकर यांच्यासारख्या ज्येष्ठ संचालकाने आपला विरोध लेखी नोंदवला. तो विरोधही कागदावर राहिला. रंगो बापूजींनी आता मृत राजाच्या वारसाची बाजू घेऊन आणखी काही वर्षे लंडनचे उंबरठे झिजवले आणि कर्जबाजारी अवस्थेत ते परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला. इंग्रजांनी कटाचा सूत्रधार म्हणून ज्याच्यावर इनाम लावले, तो माणूस म्हणजे तेरा वर्षे कंपनीच्या दारात अर्ज, ठराव आणि कागदपत्रे घेऊन उभा राहिलेला हाच वकील. त्यांचे चिरंजीव सीताराम यांना साताऱ्यात फाशी देण्यात आले. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. त्यांचे पुढे काय झाले, ते कोणालाही सांगता आले नाही.

भागधारकांचे काय झाले, ते मात्र नेमके सांगता येते. १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेले, पण लाभांश चालूच राहिला. १ जून १८७४ रोजी कंपनी विसर्जित झाली, तेव्हा १८३३ च्या कायद्यात आधीच ठरल्याप्रमाणे दर १०० पौंडांच्या भागामागे २०० पौंड हा परतफेडीचा भाव होता. ५०० पौंडांच्या, मत नसलेल्या त्या धाकट्या भागधारकाच्या वाट्याला हजार पौंड आले. हा भारही हिंदुस्थानच्याच खाती पडला.

लेडनहॉल स्ट्रीटवर साताऱ्याची चर्चा चालू होती, त्याच दशकात त्याच देशाच्या उत्तरेला, रॉशडेल नावाच्या कापडगिरणीच्या गावात, विणकर आणि इतर कारागिरांनी थोडे थोडे पैसे जमवून एक दुकान काढले. २१ डिसेंबर १८४४ रोजी ते उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे भरड असा माल. या दुकानाच्या मंडळींनी सभेचा जो नियम रूढ केला, तो कंपनीच्या नेमका उलट होता : भाग कितीही असोत, मत माणशी एक. पुढे जगभरच्या सहकारी चळवळीने हा नियम उचलला. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी लोणीला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा तो त्याच नियमावर उभा होता, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातही तोच आहे. गेवराई तालुक्यातला दोन एकर उसाचा सभासद आणि वीस एकरांचा बागायतदार हे मतपेटीपाशी सारखे ठरतात ते यामुळे. मागच्या रांगेतल्या त्या सभासदाला लेडनहॉल स्ट्रीटवरच्या बोलण्यापुरत्या भागधारकाहून निश्चितच अधिक मिळाले आहे. त्याचा प्रश्न व्यासपीठाने टाळला, तरी तो इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह त्याला धरता येतो, आणि पुढच्या वर्षीच्या नोटिशीवर पहिलाच विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. अनुभवी सभासद हा विषय ‘मंजूर’च्या घोषात वाहून जाऊ देत नाहीत. आपले वाक्य त्यात आहे की नाही, हे ते उभे राहून विचारतात.

रंगो बापूजींची जागा मात्र या नियमाने भरून निघत नाही. सभासदाला एक मत मिळाले; जो सभासदच नाही, त्याचे काय, हा प्रश्न रॉशडेलमध्येही सुटला नव्हता. सभा सप्टेंबरअखेर आटोपते. त्यानंतर महिना-दीड महिन्याने गाळप हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली बीड जिल्ह्यातली जोडपी, ज्यांना हिशेबाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात, संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून पश्चिमेकडे निघतात : सांगलीकडे, कोल्हापूरकडे आणि साताऱ्याकडेही. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च ही त्या कारखान्यांच्या वार्षिक अहवालातली एक ठळक रक्कम असते. सभेत तिच्यावर प्रश्न विचारला जातो, तो बहुधा ती वाढली का, असा असतो, आणि विचारणारा ऊस पिकवणारा असतो. तोडणाऱ्यांची नावे सभासदांच्या यादीत नसतात, आणि सभेच्या दिवशी ती माणसे गेवराई, शिरूर कासार, पाटोद्याच्या आपापल्या गावी असतात.